उताऱ्यातली मोलकरीण

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात उतारा हा आपल्या मुलांचा मोठा आधार मानला जातो. कविता कळत नाही, पत्र जमत नाही, व्याकरणाची भीती वाटते. पण उताऱ्याचे उत्तर उताऱ्यातच असते, ते शोधायचे आणि उतरवायचे, एवढेच काम. आम्ही इंग्रजीचे मास्तर दरवर्षी वर्गात हे सांगतो. नाशिकच्या एका महाविद्यालयात ज्युनिअरचे वर्ग घेताना मीही हेच सांगत आलो आणि त्यात काही गैर आहे असे मला कधी वाटले नाही. या लेखात मला त्या सांगण्याचा हिशेब घ्यायचा आहे. आकलनाचा सराव या नावाखाली आपण मुलांकडून नेमके काय करून घेतो? त्यांना वाचायला शिकवतो, की न वाचता उत्तर लिहायला शिकवतो?

सरावाची रीत सर्वांच्या ओळखीची आहे. दिवाळीनंतर पोर्शन संपत येतो आणि कृतिपत्रिका सोडवणे सुरू होते. लेखी पेपर ८० गुणांचा, तोंडी २० गुणांची. लेखीत एक उतारा पाठ्यपुस्तकातला आणि एक बाहेरचा, ज्याला मुले ‘अनसीन’ म्हणतात. मुलांना सूचना दिली जाते ती अशी: उतारा वाचत बसू नका, वेळ जातो. आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला मोठा शब्द धरा, तो उताऱ्यात शोधा, त्या वाक्याखाली रेघ मारा आणि वाक्य जसेच्या तसे उतरवा. ‘व्हाय’ आला की ‘बिकॉज’ शोधा. ‘हू’ आला की कॅपिटल अक्षर शोधा. चूक की बरोबर ते कळत नसेल तर काहीतरी एक लिहा, मोकळे सोडू नका.

ही रीत खोटी नाही. तिने गुण मिळतात. मी स्वतः याच रीतीने पास झालो. घरात इंग्रजी पुस्तक उघडणारा मीच पहिला, विचारायचे कुणाला? आणि या गुणांची किंमत काय आहे, हे ज्याला माहीत नाही त्याने या रीतीला हसू नये. इंग्रजीत मुलगी नापास झाली की घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मुलगा नापास झाला की तो सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली जातो आणि ‘पुन्हा बसतो’ म्हणता म्हणता कायमचा तिथेच राहतो. म्हणून पस्तीस गुण ही आपल्याकडे क्षुल्लक गोष्ट नाही. परंतु पस्तीस गुणांसाठी शिकवलेली ही युक्ती मुलाच्या मनात वाचनाची जागा घेऊन बसते. तो पुढे बी.ए. होतो, कदाचित एम.ए. होतो, पण उताऱ्यात शब्द शोधून उतरवण्यापलीकडे त्याचे वाचन जात नाही. मग वर्तमानपत्र असो, सरकारी परिपत्रक असो की पुढाऱ्याचे भाषण असो, जे लिहिले आहे तेवढेच खरे, असे तो धरून चालतो. चळवळीला असा सुशिक्षित काय कामाचा?

आपल्याकडे इंग्रजी आली ती उतरवून काढण्यासाठी आली नव्हती. १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाईंनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला, तो जातीची बंधने तुटावीत म्हणून. त्यानंतर वर्षभरातच, १८५५ मध्ये, ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातली मुलगी, वय सुमारे चौदा. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा तिच्या विचारण्याचा रोख आहे. हे आकलन आहे. जे पुस्तक आपल्याला वाचू दिले जात नाही, त्या पुस्तकातली आपली जागा तिने वाचून काढली. पुढे बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ (१९४६) सारख्या ग्रंथांत धर्मग्रंथ वाचले ते साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे. हे कोण म्हणते आहे, कुणाच्या फायद्याचे म्हणते आहे, काय सांगायचे टाळते आहे, हे विचारल्याशिवाय त्यांनी एकही ओळ पुढे जाऊ दिली नाही. वाचनाची ही परंपरा आपली आहे. आणि आपण मुलांना ‘बिकॉज’ शोधायला लावतो.

या दोन वाचनांत अंतर किती आहे, ते एका पाठावरून पाहू. २०२० मध्ये आलेल्या बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त ए. जी. गार्डिनर यांचा ‘ऑन सेइंग प्लीज’ हा निबंध आहे. गार्डिनर (१८६५-१९४६) हे लंडनच्या ‘डेली न्यूज’चे संपादक होते आणि ‘अल्फा ऑफ द प्लाऊ’ या टोपणनावाने खेळकर निबंध लिहीत. हा निबंध एका घटनेपासून सुरू होतो. लंडनमधल्या एका कचेरीत लिफ्ट चालवणारा तरुण आहे. एक गृहस्थ लिफ्टमध्ये शिरतो आणि वरच्या मजल्यावर ने, एवढेच फर्मावतो. लिफ्टवाला म्हणतो, ‘प्लीज’ म्हणा. गृहस्थ म्हणत नाही. लिफ्टवाला त्याला बाहेर ढकलून देतो आणि त्याबद्दल त्याला दंड होतो. गार्डिनर म्हणतात, कायद्याने झाले ते योग्यच, कारण उर्मटपणा हा गुन्हा नाही आणि मनाला झालेल्या जखमेची भरपाई कायदा देत नाही. मग ते उर्मटपणा कसा रोगासारखा पसरतो ते सांगतात, आणि शेवटी एका गोड स्वभावाच्या बस कंडक्टरचे कौतुक करून सौजन्याचा उपदेश करतात.

परीक्षेच्या दृष्टीने पाठ सोपा आहे. लिफ्टवाल्याने गृहस्थाला का ढकलले? कायदा कशाची भरपाई देत नाही? कंडक्टरचे गुण कोणते, ते जाळ्यात भरा. सगळी उत्तरे उताऱ्यात आहेत. मी हा पाठ असाच शिकवला.

मग एका वर्षी सरावाच्या तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. निबंधात एक साखळी आहे. गार्डिनर म्हणतात, तो गृहस्थ लिफ्टवाल्याशी असा वागला कारण त्याच्या मालकाने सकाळी त्याला नमस्कार केला नव्हता. मालकाने केला नव्हता कारण न्याहारीच्या वेळी बायकोने त्याला बोलून घेतले होते. बायको चिडली होती कारण स्वयंपाकीण तिच्याशी उद्धटपणे वागली होती. आणि स्वयंपाकीण तशी वागली कारण मोलकरणीने तिला उलट उत्तर दिले होते. मुलगी म्हणाली, “सर, ती मोलकरीण काय बोलली?”

वर्गात हशा पिकला. मी सांगितले, ते उताऱ्यात दिलेले नाही, परीक्षेत येणार नाही. ती बसली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते, हे मला ठाऊक होते. घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी पाठ पुन्हा काढून बसलो आणि माझ्या लक्षात आले की इतकी वर्षे मी तो शिकवत होतो, वाचला नव्हता.

निबंधात साखळ्या दोन आहेत, एक नाही. पहिली शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ या नाटकातली: बाप मुलाला झापतो, मुलगा नोकराला झापतो, नोकर खाली जाऊन हरकाम्या पोराला लाथ घालतो. ही साखळी वरून खाली येते आणि पोराशी येऊन थांबते. त्या पोराने पुढे कुणाला लाथ घातली? कुणालाच नाही, कारण त्याच्या खाली कुणी नव्हते. दुसरी साखळी आपण मागे मागे जात शोधतो आणि मोलकरणीपाशी येऊन थांबतो. तिला कुणी दुखावले होते? तेही लिहिलेले नाही. म्हणजे लाथ शेवटी बसते ती सर्वांत खालच्याला, आणि दोष सुरू होतो तोही सर्वांत खालच्यापासून! लंडनच्या एका सज्जन, उदारमतवादी लेखकाने सहज, विनोदाने लिहिलेल्या चार ओळींत समाजाची ही उतरंड अशी उघडी पडते. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, ती जातीची होती. ही वर्गाची आहे. दोन्ही एक नव्हेत. मोलकरणीची मुलगी लंडनमध्ये उद्या दुसरे काही होऊ शकते. आपल्याकडे जात जन्माने चिकटते. पण दोष खाली ढकलण्याची रीत दोन्हीकडे सारखी आहे. वस्तीत भांडण झाले, गावात दंगल झाली, वर्गात चोरी झाली, की शोध कुठे जाऊन थांबतो हे वाचकांना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. लिफ्टवाल्याने काय केले? समोरच्याने मला माणसासारखे वागवावे, असा आग्रह धरला. त्याच्यावर लेखकाने अख्खा निबंध लिहिला, सहानुभूतीने लिहिला. मोलकरणीनेही कदाचित तेच केले असेल. पण तिच्या वाट्याला अर्धे वाक्य आले आणि तिच्या बोलण्याला ‘उलट उत्तर’ हे नाव मिळाले. पुढच्या तासाला मी तोच प्रश्न फळ्यावर लिहिला आणि सर्वांना उत्तर लिहायला सांगितले. त्या मुलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले की मोलकरीण म्हणाली असेल, मलाही प्लीज म्हणा. काळ चुकला होता, स्पेलिंग चुकले होते. आकलन मात्र माझ्यापेक्षा बरोबर होते.

आता कायद्याचे घेऊ. अपमानाची भरपाई कायदा देत नाही, हे विधान आपल्या मुलांनी ‘ट्रू’ म्हणून लिहायचे असते, कारण उताऱ्यात तसे आहे. कुणाच्या स्वरात मग्रुरी आहे म्हणून त्याला तुरुंगात घालता येत नाही, हे खरे आहे आणि योग्यही आहे. परंतु हे वाक्य नाशिकच्या वर्गात वाचले जाते तेव्हा ते अपुरे आहे. आपल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तिच्या पालनाला शिक्षा सांगणारा कायदा १९५५ मध्ये आला आणि १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांच्या देखत, मानहानी करण्याच्या हेतूने केलेला अपमान हा गुन्हाच ठरवला. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने हा कायदा ढिला झाला, तेव्हा २ एप्रिलला देशभर बंद झाला आणि त्याच वर्षी संसदेला दुरुस्ती करून तो पूर्ववत करावा लागला. ज्या मुलांचे बाप-भाऊ या प्रश्नावर रस्त्यावर उतरले, त्यांनी या निबंधावर एवढे तरी म्हणायला हवे की जन्मावरून केलेला अपमान आणि ‘प्लीज’ न म्हणणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पहिलीची दखल आमचा कायदा घेतो. ते म्हणत नाहीत, कारण कुणी विचारलेले नाही.

निबंधाचा उपदेश काय? लिफ्टवाल्याने त्या उर्मट माणसाशी जास्तच सौजन्याने वागायला हवे होते, म्हणजे तो नैतिकदृष्ट्या जिंकला असता. दाखल्यासाठी लॉर्ड चेस्टरफील्डची गोष्ट दिली आहे. जुन्या लंडनच्या चिखलाच्या रस्त्यावर भिंतीकडची कोरडी बाजू कोणी घ्यायची असा प्रश्न येतो. समोरचा म्हणतो, मी बदमाशाला वाट देत नाही. चेस्टरफील्ड म्हणतो, मी नेहमी देतो, आणि स्वतः चिखलात उतरतो. गोष्ट चतुर आहे. पण चिखलात उतरून मोठेपणा मिळतो तो लॉर्डला, कारण उतरणे त्याच्या मर्जीवर होते. आपल्या आजे-पणज्यांना रस्ता सोडून बाजूला उभे राहावे लागे, आणि त्यातून त्यांना कसलाही नैतिक विजय मिळाला नाही. सौजन्य हा सद्गुण ठरतो तो दोघांनाही नकार देण्याचा अधिकार असतो तेव्हा. एकालाच वाकण्याची सक्ती असेल तर त्याला सौजन्य म्हणत नाहीत.

आणि हा प्रयोग याच शहराने करून पाहिला आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारांपुढे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पुढे काही वर्षे शांततेने चालवला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. हा इतिहास ज्या जिल्ह्याचा आहे, त्या जिल्ह्यातल्या मुलाने ‘सौजन्याने जग जिंकता येते’ हे वाक्य पाठ करून लिहावे, यासारखी विसंगती नाही.

गार्डिनरवर अन्याय करू नये. अंगाला लागलेला मार माणूस विसरतो पण स्वाभिमानाला झालेली जखम दिवसभर ठसठसते, हे त्यांनी ओळखले आहे. हातात काही नसलेला माणूस ती जखम घरी नेतो आणि बायकोवर काढतो, हेही त्यांना दिसले आहे. हे आपल्या वस्त्यांचेही सत्य आहे आणि ते आपण झाकू नये. नाशिकचेच बाबुराव बागूल ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहात याच जखमेपाशी जाऊन लिहितात. फरक एवढाच की गार्डिनर जखमेवर गोड बोलण्याचा लेप सांगतात, आणि बागूल जखम करणाऱ्या व्यवस्थेकडे बोट दाखवतात. हे दोन लेखक एका बाकावर बसवून वाचले तर मुलांना दोघेही समजतील.

प्रश्नपत्रिकेत ‘पर्सनल रिस्पॉन्स’ नावाचा प्रश्न असतो. स्वतःचे मत विचारणारा हा बहुधा एकमेव प्रश्न. म्हणजे दार किलकिले ठेवलेले आहे. पण आपण काय करतो? त्याचीही तयार उत्तरे डायजेस्टमधून पाठ करून घेतो. स्वतःचे मत म्हणून दुसऱ्याचे मत पाठ करायचे, याहून मोठी गुलामी शिक्षणात कोणती असेल? याच पुस्तकात ब्रेथवेट यांच्या ‘टू सर, विथ लव्ह’ (१९५९) या पुस्तकातला भाग आहे. ब्रिटिश गयानात जन्मलेला, युद्धात हवाई दलात काम केलेला काळा माणूस. इंजिनिअर असूनही रंगामुळे लंडनमध्ये नोकरी मिळत नाही, म्हणून तो गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तर होतो. आपल्या मुलांना हे पुस्तक घरचे वाटायला हवे. सरावात मात्र त्याचे कथानक, पात्रे, स्थळकाळ असे तुकडे होतात आणि रंगभेदाची जखम एका चौकटीत भरली जाते.

माझे सहकारी म्हणतात, आधी पास तर होऊ द्या, विद्रोह नंतर. आमचे काही कार्यकर्ते मित्र उलट टोकाला आहेत: साहेबांचे निबंध हवेतच कशाला, फेकून द्या. मला दोन्ही पटत नाही. पहिल्यांना माझे सांगणे, न वाचता पास झालेला मुलगा पुढच्या प्रत्येक परीक्षेत पुन्हा तिथेच अडकतो. स्पर्धा परीक्षेतला उतारा शब्द शोधून सुटत नाही. दुसऱ्यांना सांगणे, बाबासाहेबांनी प्रस्थापितांचे ग्रंथ टाकून दिले नाहीत, वाचले. मनुस्मृती महाडला जाळली, पण तीही ओळ न् ओळ माहीत असलेल्या माणसांनी.

मी अलीकडे जे करतो ते फार मोठे नाही. उतारा आधी दोनदा मोठ्याने, पूर्ण वाचून घेतो. मग चर्चा, ज्याच्या त्याच्या बोलीत. बागलाणचा मुलगा अहिराणीत बोलतो, पेठ-सुरगाण्याचा त्याच्या कोकणा बोलीत. इंग्रजीसाठी त्याला आधी प्रमाण मराठीचा डोंगर चढायला लावत नाही. त्यानंतर तीन प्रश्न, प्रत्येक उताऱ्याला तेच: इथे कोण बोलते आहे आणि कुणाला बोलू दिलेले नाही? दोष कुणावर टाकला आहे? हेच आपल्या वस्तीत, आपल्या गावात घडले असते तर कसे घडले असते? उत्तर स्वतःच्या इंग्रजीत, चार वाक्यांत. परीक्षेच्या युक्त्या शेवटच्या तीन आठवड्यांत सांगतो, आणि त्या युक्त्याच आहेत हे सांगून सांगतो. गुण फार वाढले असा माझा दावा नाही. पण मुले आता उतारा पाहिल्याबरोबर पेन्सिल घेऊन शब्द शोधू लागत नाहीत. आधी वाचतात, आणि मध्येच थांबून विचारतात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. बारा वर्षे इंग्रजी शिकून आपला मुलगा पस्तीस गुणांसाठी वाक्ये उतरवत असेल तर दोष त्याचा नाही. तो दोष पुन्हा खाली, त्याच्या घरावर आणि बोलीवर ढकलू नका. तो आम्हा शिक्षकांच्या साखळीत शोधा. या त्रैमासिकाचे वाचक बहुतेक शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते आहेत. वस्तीवस्तीत अभ्यासिका चालतात, जयंतीच्या वर्गणीतून पुस्तके घेतली जातात. तिथे डायजेस्टच्या शेजारी असे प्रश्न लिहिलेली एक वही ठेवता येईल. प्रत्येक पाठाला उताऱ्यात नसलेले तीन प्रश्न. ते प्रश्न मुलांनीच काढावेत, कारण आम्हा मास्तरांना ते सुचतीलच असे नाही. मला सुचला नव्हता.